ताजे म्हणजे स्वच्छ नव्हे
आषाढ सरत आला आणि गटारीच्या निमित्ताने चिकनच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, की डोळ्यांदेखत कापलेली कोंबडी ताजी आणि ताजी म्हणून स्वच्छ, हे सूत्र पुन्हा श्रद्धेने आळवले जाते. वस्तुतः यातले दुसरे विधान पहिल्यातून मुळीच निघत नाही. साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे माणसाला ताप-जुलाब देणारे जिवाणू ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या आतड्यातही असू शकतात, आणि साफ करताना आतडे फुटले, की सुरा, लाकडी ओंडका, विक्रेत्याचे हात व दिवसभर सर्व काही पुसणारे एकमेव फडके यांच्यामार्फत ते पुढच्या गिऱ्हाइकांच्या पिशव्यांत कोणताही भेदभाव न करता वाटले जातात. ओंडक्यावरच्या घावांच्या खाचांत रक्त आणि मांसाचे कण साचून राहतात, तेथवर पाण्याचा हबका पोहोचत नाही. खिम्याची गत याहून बिकट, कारण अखंड तुकड्याच्या मुख्यतः पृष्ठभागावर असलेले जिवाणू दळताना आतपर्यंत मिसळतात. घरी आल्यावर हेच मांस नळाखाली खळखळून धुण्याची रीत तर निव्वळ घातक होय, कारण त्याचे शिंतोडे शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर उडतात. जिवाणू मरतात ते धुण्याने नव्हे, तर मांसाच्या गाभ्याचे तापमान 74 अंश सेल्सियसपर्यंत गेल्याने. तेव्हा गिऱ्हाइकाने कोंबडीची तब्येत न्याहाळण्याऐवजी दुकानातले फडके न्याहाळावे, आणि ते कळकट असेल तर सरळ दुसरे दुकान गाठावे.