आडनाव न विचारणारी घरमालकीण

‘अशी ही बनवाबनवी’ आम्हालाही आवडतो. हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर ‘आंबेडकरवाद्यांना विनोद कळत नाही’ हा ठरलेला शेरा येतोच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या बौद्धवाड्यांमध्येही या चित्रपटाचे संवाद तोंडपाठ असलेली माणसे सापडतील. आमची तक्रार हसण्याबद्दल नाही. मराठी चित्रपटसृष्टी कशावर हसते आणि कशाजवळ आली की गप्प बसते, हा आमचा प्रश्न आहे.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित हा चित्रपट २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. गोष्ट पोटासाठी शहरात आलेल्या माणसांची आहे. विश्वासराव सरपोतदार धनंजय मानेला खोलीतून हाकलतात. लीलाबाई काळभोर यांच्याकडे जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना. मग चार मित्रांपैकी दोघे साडी नेसून बायका बनतात. कल्पना नवी नव्हती. हृषिकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट १९६६ सालचा. त्याआधारेच ‘बनवाबनवी’ उभा राहिला. १९७० च्या ‘मुंबईचा जावई’मध्येही चाळीतल्या अपुऱ्या जागेवरच विनोद होता. म्हणजे जागेची अडचण हा आपल्या विनोदी चित्रपटाचा जुना, हक्काचा विषय आहे.

आता बघा, लीलाबाईंना कशाची खात्री हवी आहे? लग्न झाले आहे का, एवढ्याचीच. माने, सरपोतदार, काळभोर ही आडनावे चित्रपटात आहेत, पण आडनावामुळे कुणाची खोली गेली असे कुठेच घडत नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या पोरांना मात्र विचारून पाहा. फोनवर खोली रिकामी असते. समोर गेले की पहिला प्रश्न आडनावाचा. कोकणात पवार, कदम, जाधव ही आडनावे मराठ्यांतही आहेत आणि बौद्धांतही, त्यामुळे तेवढ्याने मालकाचे समाधान होत नाही. मग गाव कोणते, गावातली वाडी कोणती, गणपतीला गावी जाता ना, असे करत करत तो जातीपर्यंत पोहोचतो. पोहोचला की खोली ‘कालच दुसऱ्यांना दिली’ असे निघते. दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांबाबत डॉ. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लीम नावाने घर मागितले तर नकार किंवा जाचक अटी वाट्याला येतात, हेच त्यातून दिसले.

२३ सप्टेंबर ही तारीख आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. बडोद्याच्या प्रसंगाची आठवण म्हणून हा दिवस आपण संकल्प दिन पाळतो. १९१७ साली बाबासाहेब सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरीसाठी बडोद्याला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. परदेशात राहताना अस्पृश्यतेचा विसर पडला होता, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. बडोद्याने पहिल्याच दिवशी आठवण करून दिली. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लिहून ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसे काठ्या घेऊन दारात उभी राहिली. संध्याकाळपर्यंत जागा सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले, दोघांनीही सबबी सांगितल्या. काही तास बागेत बसून बाबासाहेबांनी मुंबईची गाडी पकडली.

कथानक तेच आहे. खोलीसाठी खोटे नाव घ्यायचे आणि ते कधी उघडे पडेल या धास्तीत दिवस काढायचे. फरक शेवटात आहे. ‘बनवाबनवी’त सोंग उघडे पडल्यावर माफी आणि लग्ने होतात. बडोद्यात काठ्या आल्या. लग्नाबाबतचे खोटे मराठी समाज हसून सोडतो, जातीबाबतचे सोडत नाही. म्हणून पहिल्यावर विनोदी चित्रपट निघतो आणि दुसऱ्याची पटकथाच कुणी लिहीत नाही.

‘पण अशा विषयावर हसायचे कसे?’ असे कुणी विचारेल. त्याच १९१७ साली अमेरिकेत चार्ली चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’ आला. बोटीतून आलेल्या गरिबांना स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिसतो आणि त्याच क्षणी अधिकारी त्यांना दोरखंडाने अडवून धरतात. चार्ली संधी साधून अधिकाऱ्याला लाथ हाणतो. लंडनच्या गरिबीतून आलेल्या चॅप्लिनला कुणावर हसायचे ते पक्के ठाऊक होते. अपमान करणाऱ्यावर हसायचे, अपमान सोसणाऱ्यावर नाही.

आपल्याकडे नागराज मंजुळेंनी ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मधून जात पडद्यावर आणली, हे मोठे काम झाले. ‘सैराट’मधले परश्या-आर्चीही हैदराबादला जाऊन खोली करतात, पण जात तिथेही त्यांना गाठते. ते सत्यच आहे. पण बाकीच्या चित्रपटसृष्टीने त्यातून सोयीचा धडा घेतला. आम्ही पडद्यावर यायचे ते मार खायला, रडायला नाहीतर मरायला. दोन तास लोकांना हसवत जातीची टोपी उडवणारा नायक आमच्यातून येऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही.

आमच्याकडे हसण्याची कमतरता कधीच नव्हती. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी लोकांना हसवतच शहाणे केले. रत्नागिरीच्या उर्मिला पवारांचे ‘आयदान’ वाचा. डोक्यावर ओझी घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया एकमेकींची थट्टा करतात आणि इतक्या अडचणीच्या जागी गाव वसवणाऱ्या पूर्वजालाही सोडत नाहीत.

हीच कसोटी आपण स्वतःलाही लावली पाहिजे. आज रत्नागिरीत आंब्याच्या बागा राखायला आणि मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी माणसे आहेत. आमच्या बापजाद्यांनी मुंबईत गिरण्या-गोद्यांत जे सोसले, ते आज ती इथे सोसत आहेत. त्यांच्या बोलण्याची नक्कल करून गॅदरिंगमध्ये हशा मिळवणारी पोरे आपल्या वाड्यांतही आहेत. तो हशा सरपोतदारांच्या बाजूचा आहे, आपल्या नव्हे.

मराठी चित्रपटांना सरकारी अनुदान मिळते. तो पैसा आपणही भरलेल्या करातला आहे. मग अनुदान ठरवणाऱ्या समित्यांवर आपली माणसे किती, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. तो विचारूच. पण त्याची वाट बघत बसू नका. मोबाईल हातात आहे, कोकणी बोली तोंडात आहे आणि खोली शोधतानाचे किस्से तर प्रत्येक घरात आहेत. ते लिहा, चित्रित करा, पहिला खेळ आपल्या विहारात लावा. आडनाव, गाव, वाडी विचारत सुटलेल्या घरमालकाला एकदा पडद्यावर येऊ द्या. त्याच्यावर सगळा महाराष्ट्र हसला पाहिजे.

जय भीम!