बाबांचा डबा

लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले. मधे आत्याचा फोन आला होता, "दादाला करमलं का रे तिकडे? दिवसभर करायचा काय तो?" तेव्हा "मजेत होते गं" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा लांबलचक आहे आणि ते एका रेडिओतून जातं, म्हणून इथे लिहितोय. सातारकर मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, मधेच फोन करू नये. :)

आई गेल्यावर बाबांना २०२५ च्या मे महिन्यात इकडे रेडिंगला आणलं. लंडनच्या पश्चिमेला, ट्रेनने अर्ध्या तासावर आमचं गाव. व्हिसा सहा महिन्यांचा. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत, म्हणजे सकाळी आठ ते संध्याकाळी साडेचार बाबा आणि घर. टीव्हीचा त्यांना कंटाळा. जन्मभर रेडिओ ऐकलेला माणूस. म्हणून मी उत्साहाने एक छोटी स्टिरिओ सिस्टीम आणली. मधे जेमतेम दोन वहीएवढा डबा, बाजूला दोन स्पीकर, सीडी, ब्लूटूथ आणि मुख्य म्हणजे डिजिटल रेडिओ. इथे त्याला 'डॅब' म्हणतात. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे तिला थोड्या शिव्या घालायच्या आहेत.

"डॅब म्हणजे डबाच ना रे?" बाबांनी विचारलं. तेच नाव पडलं.

जोडणीचा शनिवार आधी सांगतो, कारण त्यात माझी बरीच अब्रू गेली. स्पीकरच्या तारा लाल-काळ्या असतात. एका बाजूला लाल लालमध्ये आणि दुसऱ्या बाजूला लाल काळ्यात घातली तर स्पीकर बिघडत नाही, वाजतो. पण एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि तबल्याचा डग्गा कुणी चोरून नेल्यासारखा आवाज येतो. मी हे केलं. वर अर्धा तास "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं" असं बायकोला समजावलंसुद्धा. चूक लेकीने दाखवली. असो.

एरियलचंही तसंच. सोबत आलेली तार मी छान आडवी, खिडकीच्या चौकटीवर चिकटवली. डॅबच्या लहरी इथे उभ्या सोडतात, त्यामुळे तारही उभीच लोंबायला हवी. बीबीसीची सगळी राष्ट्रीय स्टेशनं २२५.६४८ मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यावर एकत्र येतात. ती लहर सव्वा मीटरहून थोडी लांब, तिचा चौथा हिस्सा म्हणजे साधारण ३३ सेंटिमीटर. म्हणजे फूटभर तार नीट उभी धरली तरी काम होतं. तार आडवी होती तोवर निवेदिका डबक्यातून बोलत असल्यासारखी बुडबुडत होती. उभी केल्यावर एकदम खणखणीत. मग 'स्कॅन' दाबलं आणि साठेक स्टेशनांची यादी आली. एबीसीडीप्रमाणे. मी अभिमानाने रिमोट बाबांच्या हातात दिला आणि सोमवारी कामाला निघून गेलो.

तीन आठवडे त्यांनी तो डबा लावला नाही.

मला आधी राग आला. एवढं आणलं आणि यांना किंमत नाही. विचारलं तर म्हणाले, "नको रे, काहीतरी भलतंच दाबलं जायचं. तुझं सगळं विस्कटायला नको." चाळीस वर्षांचा मुलगा असूनही मला त्या 'तुझं'चं फार वाईट वाटलं. स्वतःच्या घरात हा माणूस घड्याळापासून पंपापर्यंत सगळं उघडून दुरुस्त करायचा. इथे पाहुण्यासारखा हात मागे बांधून बसत होता.

आणि मग एका रविवारी मी नीट बघितलं. त्यांच्या शेजारी बसून फक्त एक स्टेशन लावायचा प्रयत्न केला. आधी 'सोर्स' चार वेळा दाबायचं. मग यादी. मग बाण खाली, खाली, खाली. एक जास्त दाबला गेला की परत वर. मग 'ओके'. 'ओके' दाबायला तीन सेकंद उशीर झाला की यादी गायब आणि पुन्हा पहिल्यापासून. अक्षरं मुगाच्या डाळीएवढी. डब्याच्या तोंडावर बटणं पाच, त्यातलं स्टेशनासाठी एकही नाही. दुकानात मी हे काहीच बघितलं नव्हतं. मी वॉट बघितले होते.

मला सांगा, आपल्या साताऱ्याच्या घरातल्या रेडिओवर पुणे कुठे लागायचं? मला आकडा आठवायच्या आधी जागा आठवते. काचेवर उजवीकडे, जिथे आईने दसऱ्याला रेडिओची पूजा करताना कुंकवाचं बोट टेकवलं होतं तिथे. काटा त्या ठिपक्यापाशी आणला की पुणे. ठिपक्याच्या अलीकडे खरखर, पलीकडे खरखर, आणि त्या खरखरीवरूनच कळायचं की अजून किती सरकवायचं. अंधारात लागायचं, चष्म्याशिवाय लागायचं, पिठाच्या हाताने लागायचं. स्टेशनला जागा होती. डिजिटलमध्ये स्टेशनला फक्त नाव आहे, ते नाव एका यादीत आहे आणि यादी दर स्कॅनला बदलते. बटण फिरवून 'जवळ आलो' असं काही नाहीच, एक तर आहात नाहीतर नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं म्हातारपणीचं रडगाणं झालं. तसं नाही. डिजिटलचे फायदे मी नाकारत नाहीये. खरखर नाही, स्टेशनं चौपट, घड्याळ आपोआप लागतं. (आवाजाच्या दर्जाबद्दल मात्र जाहिरातींवर फार जाऊ नका. जागा वाचवायला काही स्टेशनं चक्क मोनो येतात. दोन स्पीकर, लाल-काळ्या तारा, एवढा खटाटोप आणि दोन्हीकडून तेच.) माझी तक्रार शोधावर नाहीच, खोक्यावर आहे. पाच ठळक बटणं समोर देणं ही काही अवघड गोष्ट नाही. ती काढून टाकणाऱ्या माणसाच्या घरात दिवसभर एकटं बसणारं कोणी नसावं.

आणि हे बोलणं वेळेवरचं आहे. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद केलं. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या ३१ डिसेंबरला केलं. ब्रिटनमध्ये २०२१ च्या सरकारी अहवालाने एफएमला निदान २०३० पर्यंत अभय दिलंय. त्यापुढे काय व्हायचं ते होवो, पण स्वयंपाकघरातला साधा एफएम बंद करायच्या आधी त्या मंत्रिमहोदयांनी माझ्या डब्यावर, चष्मा काढून, एक स्टेशन लावून दाखवावं.

त्या स्वयंपाकघरातल्या एफएमवरून आठवलं. बाबा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते हे नातेवाईकांना माहीत आहे, इतर वाचकांना सांगतो. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या सोडायचं काम. रोज सकाळी बातम्यांआधीच्या ठोक्यांवर एचएमटीचं घड्याळ लावायचं हा त्यांचा नेम निवृत्तीनंतरही चालू होता. बीबीसीवर दर तासाला सहा ठोके वाजतात, १९२४ पासून. पाच आखूड, शेवटचा लांब. लांब ठोका सुरू झाला की तास भरला. एका सकाळी आठ वाजता मी हौसेने दोन्हीकडे रेडिओ फोर लावून ठेवलं होतं, आत एफएमवर, बाहेर डब्यावर. बाबा दाराच्या चौकटीत उभे, मनगट वर धरून.

"अरे, हा डबा लेट आहे."

खरंच होता. दोन-अडीच सेकंद. मी समजावून सांगितलं. आवाजाचे आकडे करतात, आकड्यांचे तुकडे करतात, पत्ते पिसल्यासारखे मागेपुढे करून हवेत सोडतात. म्हणजे वाटेत काही गळाले तरी एका जागी मोठं भोक पडत नाही. इकडे डबा सगळे तुकडे गोळा करतो, ओळीने लावतो आणि मग वाजवतो. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे सगळे पॅसेंजर गोळा झाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत."

याहून चांगलं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी या क्षेत्रातच नोकरी करतो.

त्या दिवसापासून मात्र काहीतरी सैल झालं. डबा लेट आहे म्हटल्यावर तो बहुतेक त्यांना आपल्यातला वाटायला लागला. संध्याकाळी आलो तर बाबा टेबलाशी बसलेले, समोर पांढरी चिकटपट्टी, कात्री, बॉलपेन. रिमोटवर एक ते दहा आकडे होते आणि प्रत्येकावर एक स्टेशन साठवता येत होतं. हे तीन आठवडे मला माहीत नव्हतं, त्यांनी लेकीकडून माहितीपुस्तक वाचून घेतलं होतं. प्रत्येक आकड्याखाली पट्टीचा एक चौकोन आणि त्यावर एस.टी.च्या पाटीवरच्या त्याच ठसठशीत वळणाच्या अक्षरात: बातम्या. गाणी. क्रिकेट. 'गाणी' म्हणजे एशियन नेटवर्क, त्याबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. पण 'क्रिकेट' वसूल झालं.

२०२५ च्या उन्हाळ्यात भारताचा संघ इथे पाच कसोटी खेळून गेला. बीबीसीची कसोटीची कॉमेंट्री ज्या स्पोर्ट्स एक्स्ट्रावर येते ते एफएमवर नाही, डॅबवर आहे. म्हणजे जिला मी वर एवढ्या शिव्या घातल्या तिच्याशिवाय हे झालं नसतं, हेही लिहिलं पाहिजे. ४ ऑगस्ट, सोमवार, ओव्हल. इंग्लंडला ३५ धावा हव्यात, चार विकेट हातात. मी ऑफिसात, कानात फोनवरून तीच कॉमेंट्री. सिराज धावत यायच्या तयारीत आहे आणि तेवढ्यात लेकीचा मेसेज: आजोबा ओरडले!!! इंटरनेटवरून येणारा आवाज डॅबच्याही मागे, अर्धा मिनिट तरी. ॲटकिन्सनचा त्रिफळा उडायच्या आधीच मला कळलं की आपण जिंकलो. सहा धावांनी. म्हणजे कोण लेट, हे बघायचं झालं तर डब्याच्या मागेही गाड्या आहेत.

आता ते दुसरं, जे आत्याला फोनवर सांगितलं नाही.

सप्टेंबरमधली गोष्ट असेल. रात्री पाणी प्यायला उठलो तर खाली बोलण्याचा आवाज. घड्याळात अडीच. जिना उतरलो. बाबा अंधारात खुर्चीत, डब्याचा निळा दिवा तेवढा चालू, आवाज अगदी बारीक. फोनवर आकाशवाणीचं ॲप आणि ब्लूटूथ. पुणे केंद्र. उन्हाळ्यात इथले रात्रीचे अडीच म्हणजे तिकडचे सकाळचे सात. रिमोटवर ब्लूटूथच्या बटणाखाली पट्टी होती, 'पुणे', ती मी कधी नीट बघितलीच नव्हती.

"रोज उठता?"

"रोज नाही." मग जरा वेळाने, "या वेळेला ती चहा टाकायची."

मी दिवा न लावता चहा टाकला. आलं सापडलं नाही. बातम्या संपेपर्यंत दोघांनी प्यायला. कुठल्यातरी धरणातून पाणी सोडत होते, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा होता. बाबा म्हणाले, झोप आता, तुला ऑफिस आहे.

तर आत्या, करमलं का ते मला खरंच सांगता येत नाही. करमवून घेतलं असं म्हणता येईल. नोव्हेंबरात ते परत गेले. तिकडे साताऱ्याला त्यांचा जुना सेट आहे आणि त्यांना दुसरं काही नको आहे. मी विचारलं होतं.

डबा इथेच आहे. लेकीला पट्ट्या काढून रिमोट पुसायचा होता, मी नको म्हटलं. चार नंबरच्या पट्टीवरची शाई पार गेलीय. तिथे त्यांनी काय साठवलं होतं ते घरात कुणालाच आठवत नाही, एकदा दाबून बघायला हवं.