चौकशीच्या छायेतले दिवस : आरोपपत्रापूर्वी काय घडते आणि धर्मग्रामाने काय करावे

विठ्ठलवाडी पोलीस ठाण्यातून एखाद्या घरी निरोप येतो : 'साहेबांनी बोलावले आहे.' कारण कधी शेजाऱ्याशी झालेली हाणामारी असते, कधी पतपेढीचा हिशेब, कधी सुनेची तक्रार, कधी मोबाइलवरून पुढे पाठवलेला एखादा मजकूर. त्या घटकेपासून न्यायालयात आरोपपत्र दाखल होईपर्यंतचा काळ काही दिवसांचा असू शकतो, काही वर्षांचाही असू शकतो. या काळात कायद्याच्या दृष्टीने त्या व्यक्तीवर फक्त संशय असतो. चाळीत, लोकलच्या डब्यात आणि, खेदाने म्हणावे लागते, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारातही तिचा निकाल मात्र लागून गेलेला असतो. या मधल्या काळाविषयी आपल्या भाविकांना पुरेशी माहिती नसते आणि त्या अज्ञानाची किंमत कुटुंबांना मोजावी लागते. म्हणून आज आम्ही या विषयाचा परामर्श घेत आहोत.

शब्दांचा गोंधळ

प्रथम शब्दांचा अर्थ ध्यानी घेऊ. तक्रार नोंदली गेली की तिला प्रथम खबर म्हणजे एफआयआर म्हणतात. त्यानंतर पोलिसांचा तपास सुरू होतो. पुरावा मिळाला असे पोलिसांना वाटले, तर ते न्यायालयात आरोपपत्र सादर करतात. ते वाचून व दोन्ही बाजू ऐकून न्यायाधीश खटला चालवण्याजोगा आहे की नाही हे ठरवतात आणि आरोप निश्चित करतात. मग साक्षीपुरावे होतात व शेवटी निकाल लागतो. वर्तमानपत्रे एफआयआरच्या दिवसापासूनच 'आरोपी' हा शब्द वापरतात आणि वाचक त्याचा अर्थ 'गुन्हेगार' असा घेतात. प्रत्यक्षात या दोन शब्दांच्या मध्ये एवढ्या पायऱ्या आहेत.

पालघरचा धडा

पहिल्याच पायरीवर घाई झाली तर काय होते, याचे उदाहरण आपल्या परिसरातच घडले आहे. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद असताना, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमधील एका तरुणीने त्या बंदविषयी फेसबुकवर काही ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्यांना पसंती दर्शवली. जमाव चालून आला, तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड झाली आणि दोघींना अटक करण्यात आली. न्यायालयाने त्यांची जामिनावर मुक्तता केली. पुढे वरिष्ठांच्या चौकशीनंतर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि पोलिसांनीच आरोपपत्र न भरता प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. या घटनेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम घटनाबाह्य ठरले.

दरम्यान, २ जुलै २०१४ रोजी अर्णेश कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही सवयीने करण्याची गोष्ट नव्हे. ती का आवश्यक आहे, याची कारणे पोलिसांनी नोंदवली पाहिजेत. हे तत्त्व आजही लागू आहे.

नोटीस आली तर

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी सामान्य माणसाच्या दृष्टीने महत्त्वाच्या बहुतेक तरतुदी टिकून आहेत.

पोलिसांकडून येणाऱ्या बोलावण्याचे मुख्य प्रकार दोन. कलम १७९ची नोटीस साक्षीदाराला येते. अशा वेळी स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले, साठ वर्षांवरील पुरुष, अपंग व गंभीर आजारी व्यक्ती यांना राहत्या घराखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. कलम ३५ची नोटीस मात्र ज्याच्यावर संशय आहे त्याला येते. ती पाळून जो हजर राहतो, त्याला सहसा अटक करता येत नाही. अटक करायचीच झाल्यास कारण लेखी नोंदवावे लागते. ती टाळणाऱ्याची बाजू मात्र कमकुवत होते. म्हणून नोटीस कोणत्या कलमाखाली आहे, हे प्रथम वाचावे. ही नोटीस व्हॉट्सअॅपवर पाठवणे पुरेसे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितले आहे. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दाखवून 'तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा' असे कोणी म्हणाले तर तो निव्वळ ठग समजावा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

एफआयआरची प्रत मिळवावी. संवेदनशील प्रकरणे वगळता ती चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६चा आदेश आहे. ठाण्यात जाण्यापूर्वी वकिलाशी बोलावे. वकील घेणे म्हणजे गुन्ह्याची कबुली, हा समज सोडून द्यावा. वकिलाची फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असणारे यांना ही मदत विनामूल्य मिळते.

जबाब देताना खरे सांगावे. परंतु स्वतःला गुन्ह्यात गोवणाऱ्या प्रश्नाचे उत्तर न देण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २० ने दिला आहे. हा हक्क पोलिसांच्या चौकशीतही लागू होतो, हे नंदिनी सत्पथी प्रकरणात १९७८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही घेण्याची कायद्यात तरतूद नाही आणि पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. कोऱ्या कागदावर तर कोणत्याही परिस्थितीत सही करू नये. घराची झडती झाल्यास तिचे चित्रीकरण आता बंधनकारक आहे. जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागून घ्यावी.

काही मोह टाळावेत. मोबाइलमधील संदेश पुसू नयेत, कारण पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. तक्रारदाराला परस्पर गाठून विनवण्या करू नयेत; उद्या त्याचाच अर्थ धमकी असा लावला जातो. आणि 'आतून मिटवून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. लाच मागितली गेल्यास लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

अटक झाली तर

अटकेची भीती असल्यास सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात अटकपूर्व जामिनासाठी अर्ज करता येतो. प्रत्यक्ष अटक झालीच तर तिची कारणे सांगणे, नातेवाइकाला कळवणे, वैद्यकीय तपासणी करणे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात दिला. अपवादात्मक प्रसंग वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत स्त्रीला अटक करता येत नाही. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीला अटक करण्यासाठी उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून अधिक देता येत नाही. मात्र नव्या कायद्यानुसार ती सलग असलीच पाहिजे असे नाही. त्यानंतर न्यायालयीन कोठडी म्हणजे तुरुंग. कल्याणच्या लोकांना आधारवाडीचे नाव त्यासाठी परिचित आहे. गुन्ह्याच्या स्वरूपानुसार साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर जामीन हा हक्क होतो. तो आपोआप मिळत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे गरीब कैदी आतच राहतात.

दीर्घ प्रतीक्षा

अटक झाली नाही तरी सुटका झाली असे नव्हे. तपास महिनोन्महिने रेंगाळतो. कोणी काही कळवत नाही. पोलीस पडताळणीच्या वेळी जुनी नोंद वर येते; आखाती देशातील नोकरी अडते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. शेवटी पुरावा न मिळाल्यास पोलीस न्यायालयाला तसा अहवाल देतात. महाराष्ट्रात त्याला 'समरी' म्हणतात : गुन्हा घडला पण छडा लागला नाही तर 'ए', तक्रार जाणूनबुजून खोटी असेल तर 'बी', आणि गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर 'सी'. ती न्यायालयाने स्वीकारली का, याची चौकशी कुटुंबाने स्वतः करावी आणि आदेशाची प्रमाणित प्रत जपून ठेवावी. एफआयआरची बातमी पहिल्या पानावर येते. समरीची बातमी सहसा कोणी छापत नाही.

तक्रारदाराचे अश्रू

इथे एक इशारा देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. संशयिताच्या हक्कांची भाषा पीडिताचे तोंड बंद करण्यासाठी वापरली जाऊ नये. विठ्ठलवाडीवरून जाणाऱ्या त्याच कर्जत मार्गावरील बदलापूर येथे ऑगस्ट २०२४ मध्ये एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. गुन्हा नोंदवण्यास झालेल्या विलंबाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांवर ताशेरे ओढले. २० ऑगस्टला संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्यानंतर २३ सप्टेंबरला, अटकेत असलेल्या संशयिताचा मुंब्र्याजवळ पोलीस वाहनात गोळी लागून मृत्यू झाला. त्याने पिस्तूल हिसकावल्याचे पोलिसांनी सांगितले; न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने मात्र पाच पोलिसांना जबाबदार धरले. अनेकांनी तेव्हा आनंद व्यक्त केला. परंतु त्या मुलींच्या बाबतीत न्यायालयाचा निकाल आता कधीच लागणार नाही. आधी तक्रार ऐकण्यास विलंब आणि नंतर न्यायालयाविना शेवट : या दोन्ही गोष्टींनी अन्याय झाला तो सत्यावर.

बालकांवरील अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. आपल्या संस्थाही त्याला अपवाद नाहीत. 'आपल्या माणसाचे नाव खराब होईल, आपसात मिटवू' ही भाषा कायद्यालाही मान्य नाही आणि शुभवर्तमानालाही नाही. अशा तक्रारीत संबंधित व्यक्तीला मुलांच्या कामातून तत्काळ दूर ठेवले पाहिजे. ही मुलांच्या सुरक्षेसाठी घेतलेली काळजी आहे आणि तिचा अर्थ निकाल असा कोणी घेऊ नये.

फादर स्टॅन स्वामी

या विषयावर लिहिताना येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. एल्गार परिषद प्रकरणात त्यांच्या रांचीजवळील निवासावर २०१८ व २०१९ मध्ये झडती झाली, २०२० मध्ये पंधरा तासांहून अधिक काळ त्यांची चौकशी झाली आणि ८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास संस्थेने त्यांना अटक केली. वय ८३, त्यातच कंपवात. तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला आणि ५ जुलै २०२१ रोजी वांद्रे येथील होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोपर्यंत आरोप निश्चित झालेले नव्हते. त्यांनी सर्व आरोप नाकारले होते. त्यांची शहानिशा करण्याची वेळच न्यायालयावर आली नाही. प्रक्रिया हीच शिक्षा होते म्हणतात, ते असे.

धर्मग्रामाचे काम

ख्रिस्तसभेच्या कॅनन कायद्याच्या २०२१ मध्ये सुधारलेल्या कलम १३२१ च्या आरंभीच म्हटले आहे की, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत प्रत्येक व्यक्ती निर्दोष मानली जावी. कलम २२० कोणाच्याही सुकीर्तीला अन्यायाने धक्का लावण्यास मनाई करते. पवित्र शास्त्रात सुसान्नेची कथा आपण प्रायश्चित्तकाळात ऐकतो. दोन प्रतिष्ठित वडिलांच्या शब्दावर सारी सभा तिला मृत्युदंड देऊन मोकळी झाली होती. दानिएलने सभेला थांबवले, दोघा साक्षीदारांना वेगवेगळे करून एकच प्रश्न विचारला आणि सत्य बाहेर आले. तपास कसा असावा, याचा याहून चांगला पाठ नाही. निकदेमानेही परुश्यांना हाच प्रश्न केला होता : माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याविना आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय?

तेव्हा आपल्या हातात काय आहे? एफआयआरचा फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात पुढे पाठवू नये. चौकशीखालील व्यक्ती धर्मग्रामाच्या समितीवर असेल तर तपास होईपर्यंत तिने पद बाजूला ठेवावे, आणि इतरांनी त्याचा अर्थ कबुली असा लावू नये. लघु ख्रिस्ती समूहाने त्या घराचा उंबरठा टाळू नये. घरातील कमावता माणूस आत असेल तर मुलांची शाळेची फी, वृद्धांची औषधे, न्यायालयाच्या तारखेला सोबत जाणारे कोणीतरी, एवढे तरी सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या बंधुभगिनींनी व शेजाऱ्यांनी पाहावे. तक्रारदाराचे कुटुंबही आपल्याच धर्मग्रामातले असू शकते. त्याच्याही घरी जावे, आणि तक्रार मागे घ्या असे सांगण्यासाठी जाऊ नये.

'मी तुरुंगात होतो आणि तुम्ही माझ्याकडे आलात' असे प्रभू ज्यांना म्हणणार आहे, त्यांनी तो कैदी दोषी होता की निर्दोष हे आधी विचारले असल्याचे शुभवर्तमानात कुठे नमूद नाही. निकाल न्यायालयाने द्यावा. तोवर त्या घराची साथ न सोडणे हे आपले काम आहे.