लेकराले कुठं ठिवू?

आमच्या अमरावतीच्या घराचं काम काढायचं ठरलं तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. घर जुनं, स्लॅब गळका, मोरी स्वयंपाकघराला चिकटलेली. काम काढणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते कधी काढायचं, किती दिवस चालेल, कोणत्या खोलीपासून सुरू करायचं, हे सगळं माझा नवरा, दीर आणि मिस्त्री यांनी ओसरीवर चहा पिता पिता ठरवलं. चहा मी केला होता. मला विचारलं ते शेवटी, टाइल्सचा रंग कोणता घ्यायचा म्हणून.

पावसाळ्याआधी काम उरकायचं म्हणजे एप्रिल-मे. वऱ्हाडातला एप्रिल-मे म्हणजे काय ते अमरावती-अकोल्याच्या बायांना सांगायला नको. अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या असतात. त्यात फोडलेल्या भिंतीची धूळ. मागची एक खोली आम्ही राहायला ठेवली. दाराला ओलं लुगडं लावलं, खिडकीत कूलर. चूल नाही, म्हणजे गॅस, त्याच खोलीच्या कोपऱ्यात. बाळाचं पाणी उकळायचं तिथंच, लंगोट वाळवायचे तिथंच, आणि सासूबाईंचा देव्हाराही तिथंच. सुरुवातीच्या चार दिवसांत मुलीला खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, “धुळीपासून दूर ठेवा.” त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर ‘दूर’ कुठं असतं ते मात्र लिहून दिलं नाही.

मग सगळ्यांनी एकच उपाय सांगितला, माहेरी जा. माझं माहेर अकोल्याचं, दोन खोल्यांचं. मी पंधरा दिवस गेले. तिथं माझ्या मुलीचं आणि माझं करायला कोण होतं? माझी वहिनी. तिला स्वतःची दोन मुलं, सकाळी नळ येतो तेव्हा उठून पाणी भरायचं, वर मी आणि माझं बाळ. म्हणजे अमरावतीच्या घरदुरुस्तीचा एक हप्ता अकोल्याच्या एका बाईनं भरला, आणि तो आमच्या खर्चाच्या वहीत कुठंच मांडला गेला नाही. ‘माहेर’ या शब्दाभोवती आपल्याकडे फार गोडवा आहे. तिथं राबते ती दुसऱ्या कुणाची तरी सासुरवाशीण असते, एवढं आपण विसरतो. पंधरा दिवसांनी मी परत आले. मी मानधनावर काम करते, त्यामुळे रजा संपली की मानधन संपतं.

आता खरी गोष्ट सांगते. मी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्रीबरोबर ठिय्यावरून दोन बाया कामाला आल्या. एकीच्या कडेवर लेकरू. माझ्या मुलीहून महिनाभरानं लहान असेल. ती फाटकात उभी राहिली आणि मला म्हणाली, “बाई, लेकराले कुठं ठिवू?”

मी समाजकार्याची पदवी घेतलेली, दहा-बारा वर्षं बायांच्या प्रश्नावर काम करणारी. बालहक्कावर शिबिरं घेते. पण माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बोट दाखवलं ते अंगणातल्या कडुनिंबाकडे. तिनं फाटकाच्या गजाला आणि निंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली. झोळीच्या दोन हातांवर रेतीचा ढीग, पलीकडे सिमेंटची पोती. वारा आला की सगळं झोळीत. माझ्या मुलीसाठी मी दाराला ओलं कापड लावलं होतं, आणि तिच्या लेकरासाठी झाड दाखवलं. दोघींना खोकला एकाच भिंतीच्या धुळीनं होणार होता.

लेकरू रडलं की ती घमेलं खाली ठेवून जायची. दुसऱ्या दिवशी मिस्त्री मला समजावून सांगू लागला, “वहिनी, बाई लेकरात गुंतली का माल वाळते.” माणूस दुष्ट नाही. त्याचंही खरं आहे. सिमेंटचा माल कालवला की अर्ध्या-पाऊण तासात तो वापरावा लागतो, नाहीतर वाया जातो. स्लॅब टाकला की आठ-दहा दिवस त्यावर पाणी ठेवून तराई करावी लागते, हे त्याला पाठ आहे. भिंतीला किती वेळा पाणी मारायचं तेही पाठ आहे. सहा महिन्यांच्या लेकराला दिवसातून किती वेळा पाजावं लागतं, हे मात्र बांधकामाच्या वेळापत्रकात कुणीच लिहीत नाही. सिमेंटच्या भुकेला वेळ आहे, लेकराच्या नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते लेकरू आत आणलं. सासूबाई म्हणाल्या, “कोणाचं आहे, विचारलं का?” त्या काय विचारत होत्या ते मला कळलं आणि तुम्हालाही कळलं असेल. मी म्हटलं, “फाटकातल्या बाईचं आहे.” त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानं मीच पाहिलं, त्या दोन्ही लेकरांना आळीपाळीनं झोका देत होत्या. पुढचे वीस-बावीस दिवस असंच चाललं. मी कामावर जायची, ती घमेली वाहायची, आणि पासष्टीच्या सासूबाई दोन बाळांना सांभाळायच्या. काही मैत्रिणींना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी माझं कौतुक केलं. मैत्रिणींनो, कौतुक नको. मी काय केलं? एका बाईचं ओझं उचलून दुसऱ्या बाईच्या खांद्यावर ठेवलं, तेही तिला न विचारता, फुकटात. मला ओसरीवरच्या बैठकीत विचारलं नव्हतं, तसंच मी सासूबाईंना विचारलं नाही.

आता कायद्याचं पाहू. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. त्यासाठी देशभरच्या कामगार संघटना कित्येक वर्षं झगडल्या होत्या. त्यात पाळणाघराची तरतूद होती. कधी? जिथं पन्नासहून जास्त स्त्री कामगार असतील तिथं. आमच्या घरी दोन होत्या. अमरावतीच्या नव्या वस्त्यांमधून एक चक्कर मारा. प्रत्येक गल्लीत एक-दोन बांधकामं, प्रत्येक कामावर दोन-तीन बाया. सगळ्या मिळून शेकडो, पण एका ठिकाणी पन्नास कधीच नाहीत. त्यातून, दहापेक्षा कमी कामगार असतील तर तो कायदाच लागू नव्हता, आणि स्वतःला राहायचं दहा लाखांपर्यंतचं घर बांधणारा मालक कायद्यातून मोकळा. म्हणजे मी मोकळी. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कायद्यांच्या जागी नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत पाळणाघरासाठी ‘पन्नास स्त्रिया’ऐवजी ‘पन्नास कामगार’ धरले आहेत. हे बरं झालं, लेकरू एकट्या आईचं नसतं एवढं तरी मान्य झालं. पण पन्नास ते पन्नासच राहिले, आणि स्वतःच्या घराच्या बांधकामाची सवलत दहा लाखांवरून पन्नास लाखांवर गेली. आमच्यासारखे मध्यमवर्गीय घरमालक आणखी मोकळे झाले.

बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात. त्यातून महाराष्ट्राच्या कल्याणकारी मंडळाकडे हजारो कोटी जमले. नोंदणी झालेल्या कामगार बाईला बाळंतपणासाठी पैसे मिळण्याची योजना आहे, नैसर्गिक बाळंतपणाला पंधरा हजार, शस्त्रक्रिया झाली तर वीस हजार. पण नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज माझ्या घरी, उद्या दुसऱ्याच्या घरी, परवा ठिय्यावरून रिकाम्या हातानं परत, अशा बाईला नव्वद दिवसांचा दाखला कोण देणार? मी तिला विचारलं. तिच्या नवऱ्याची नोंदणी होती, तिची नव्हती. त्याच्या नावावर घरात भांड्यांचा संच आला होता. या मंडळानं कामगारांना भांडी वाटली, पेट्या वाटल्या. वाटू नयेत असं माझं म्हणणं नाही. पण बाईच्या श्रमाच्या पैशातून बाईला परत काय द्यायचं, हे ठरवायला बसलेल्यांना भांडी सुचली, पाळणा सुचला नाही.

शहरातलं हे झालं. खेड्यात घरकुलाची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तिथं लेकराची माय आणि घमेलं वाहणारी एकच असते.

माझं काम अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या बाजूला, खारपाणपट्ट्यात असतं. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) साध्या भागात घरामागे एक लाख वीस हजार मिळत आले आहेत, तेही हप्त्याहप्त्यानं, काम कुठवर आलं त्याचे फोटो काढून. २०२५ साली राज्य सरकारनं त्यात भर टाकली. ज्यांच्याकडे दुसरी जागा नाही त्यांना, म्हणजे बहुतेकांना, राहती झोपडी पाडूनच त्या जागी घरकुल बांधावं लागतं. झोपडी एका दिवसात पडते. हप्ता यायला महिने लागतात. मधल्या काळात ते कुटुंब कुठं राहतं? टिनाच्या चार पत्र्यांखाली, ताडपत्रीखाली, नाहीतर शेजाऱ्याच्या गोठ्याच्या पडवीत. त्यात बाळंतीण असते. मी अशा एका पत्र्याखाली तीन महिन्यांचं लेकरू मे महिन्याच्या दुपारी पाहिलं आहे. त्याची आई त्याच्या अंगावर ओलं फडकं टाकत होती आणि मधूनमधून उठून नव्या भिंतीला पाणी मारत होती. पाणी कुठलं? खारपाणपट्ट्यातलं भूगर्भातलं पाणी खारं, पिण्याच्या कामाचं नाही आणि सिमेंट-सळईलाही वाईट. गोडं पाणी नळाला येईल तेव्हा भरून ठेवायचं. एका हंड्यात लेकराची आंघोळ, सैपाक आणि भिंतीची तराई. कशाला आधी वापरायचं हे तिनं ठरवायचं, आणि भिंतीला तडा गेला तर बोल तिला.

हे घर तिच्या नावावर असतं, असं आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाही हवं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं, २००३ च्या शासन निर्णयानं गावातल्या घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचं ठरलं, घरकुलही दोघांच्या नावे द्यायचं ठरलं. या प्रत्येक गोष्टीमागे आपल्याच आधीच्या पिढीतल्या बायांचे मोर्चे आहेत. पण कागदावर नाव चढलं म्हणून ओसरीवरच्या बैठकीत जागा मिळाली, असं होत नाही. घरकुलाला रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी जोडलेली होती. मी ज्या घरांत विचारलं तिथं हजेरी बहुतेक नवऱ्याच्या नावावर भरलेली. विटा तिनं दिल्या, पाणी तिनं मारलं, माती तिनं उपसली. “त्याचंच खातं होतं बँकेत,” असं उत्तर मिळालं. घर तिच्या नावावर आणि घराची मजुरी त्याच्या खात्यावर.

‘पाळणाघर परवडत नाही’ असं कुणी सांगेल तर त्याला रोजगार हमी दाखवावी. महाराष्ट्रानं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हापासून कामाच्या जागी सावली, पाणी आणि लेकरांची सोय या गोष्टी धरलेल्या आहेत. २००५ च्या केंद्रीय कायद्यात तर स्पष्ट होतं, सहा वर्षांखालची पाच लेकरं कामावर आली तर एका बाईला त्यांना सांभाळायचंच काम द्यायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. पाच लेकरं! पन्नास बाया नव्हे. लेकरं सांभाळणं हे काम आहे आणि त्याला खंती खोदण्याइतकी मजुरी आहे, हे या देशाच्या कायद्यानं एकदा लिहिलेलं होतं. ते किती ठिकाणी झालं ते तुम्ही-आम्ही पाहिलं आहे, पण लिहिलेलं होतं. ‘मोबाइल क्रेशेस’ या संस्थेनं १९६९ साली दिल्लीत बांधकामाच्या जागेवर पाळणाघर सुरू केलं. म्हणजे ते कसं चालवायचं हे शोधायला समिती नेमायची गरज नाही.

म्हणून मला वाटतं, पाळणाघर कामाच्या जागेशी बांधूच नये. ते ठिय्याशी बांधावं. मजूर बाया जिथं सकाळी उभ्या राहतात तिथल्या वस्तीत, उपकराच्या पैशातून, दिवसभराचं. मग ती आज कुणाच्याही घरी कामाला जावो. अंगणवाडीवर हे टाकून मोकळं होता येणार नाही. तिथं तीन वर्षांखालच्या लेकरासाठी घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही, आणि सेविकेवर आधीच दहा कामं आहेत. घरकुलात तर पहिल्या हप्त्याआधी तात्पुरत्या निवाऱ्याची रक्कम हवी, आणि घरात सहा महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर उन्हाळ्यात झोपडी पाडायला लावू नये. यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. ग्रामसभेत ठराव घेता येतो, पंचायत समितीत भांडता येतं.

हे कार्यकर्त्यांनाही लागू आहे. आपल्या शिबिराच्या पत्रकात आपण जेवण, निवास, प्रवासखर्च लिहितो. पाळणाघर लिहितो का? माझ्या आधीच्या पिढीतल्या बाया सांगतात की तेव्हा शिबिरात लेकरं सांभाळायची पाळी पुरुष कार्यकर्त्यांना लावत. ती पाळी कधी आणि का बंद झाली, यावर कुणी लिहावं. आणि आपल्यातल्या ज्या घरं बांधतात, दुरुस्त करतात, त्यांनी मिस्त्रीशी दर ठरवतानाच लेकराची सोय ठरवावी. मी ठरवली नव्हती. सासूबाईंना काही द्यावं असं माझ्या मनात काम संपल्यावर आलं, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मले कायचे पैसे?”

ती बाई टाइल्सचं काम सुरू झाल्यावर यायची थांबली, कारण त्या कामाला घमेली लागत नाहीत. जूनमध्ये राहिलेले दोन दिवसांचे पैसे न्यायला आली. लेकरू आता रांगत होतं. नव्या फरशीवर तिनं त्याला खाली सोडलं नाही, कडेवरच ठेवलं. “पुढचं काम कुठं?” मी विचारलं. म्हणाली, बायपासकडं एक बंगला सुरू आहे, तिथं झाड नाही.