बीदरच्या निळ्या टाइल्स आणि एक कोरा कागद

वांद्र्यातील एखाद्या कुटुंबात घराचे नूतनीकरण निघाले की टाइल्सच्या निवडीवर घरातील सर्वांचा खल होतो. रंग, चकाकी आणि भाव पाहिला जातो. टिकाऊपणाचा प्रश्न बहुधा शेवटी येतो. त्याचे उत्तर पाहायचे असेल तर उदगीरच्या पुढे बीदरला जावे. तेथील महमूद गवानच्या मदरशावर १४७२ साली बसविलेल्या इराणी पद्धतीच्या टाइल्सपैकी काही आजही मूळ रंगात झळकतात. उरलेल्या एकमेव उंच मनोऱ्यावर करवतीच्या दातांसारखे पट्टे आहेत आणि दर्शनी भिंतीवर निळ्या पृष्ठभागावर पांढरी अक्षरे आहेत.

ही कला इराणातील काशान शहरात भरभराटीस आली. म्हणून अशा कामाला ‘काशी’ असे नाव पडले. तेथील एका कारागीर घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली तिची कृती लिहून ठेवली. दहा भाग दळलेली गारगोटी, एक भाग काचेची पूड आणि एक भाग पांढरी माती. गडद निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, तर अपारदर्शक पांढरा कथलाचा. आतील अंग आणि वरची झिलई बऱ्याच अंशी एकाच द्रव्याची असल्याने दोन्ही एकमेकांना घट्ट धरून राहतात.

मदरसा उभारणारा गवान मूळचा व्यापारी. इराणच्या गिलान प्रांतातून तो १४५३ च्या सुमारास कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. पुढे बहमनी राज्यात ‘मलिक-उत्-तुज्जार’, म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही पदवी मिळवून तो प्रधानपदी पोहोचला. त्याच्या मदरशात सुमारे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात.

त्याचा अंत मात्र एका कोऱ्या कागदाने झाला. विरोधकांनी त्याची मोहोर सांभाळणाऱ्या सेवकाला मद्य पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओडिशाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचा मजकूर लिहिला. सुलतानाने चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी त्याला ठार करविले. नंतर त्याची संपत्ती मोजण्यात आली. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की खजिन्यात फारच थोडे निघाले. गवान स्वतःचा खर्च आपल्या जुन्या व्यापाराच्या भांडवलावर भागवीत असे आणि बाकीचे वाटून टाकीत असे. सुलतानाला पश्चात्ताप झाला, पण उशिरा. वर्षभरातच तोही वारला आणि पुढे राज्याची पाच शकले झाली.

गवानच्या हिशेबात खोट नव्हती. मोहोर मात्र दुसऱ्याच्या हाती होती. आजही अनेक पेढ्यांत सही केलेले कोरे धनादेश कपाटात असतात आणि मालकाच्या डिजिटल सहीचे साधन हिशेबनिसाच्या खणात. हिशेबनीस विश्वासू असतो, यात शंका नाही. गवानचा सेवकही विश्वासूच होता. सही मालकाच्या हातीच राहावी, हे पथ्य नव्या टाइल्स बसविण्याआधी पाळावयास हवे.