टायटसची बोली आणि आपली

एम. टी. अँडरसन या अमेरिकन लेखकाची 'फीड' ही २००२ साली प्रसिद्ध झालेली उपहासात्मक कुमार-कादंबरी चाळून एखादा पालक जेव्हा म्हणतो, "शी, ही काय भाषा! असले पुस्तक मुलांच्या हाती देऊच नये," तेव्हा त्याच्याशी कडाडून भांडावेसे वाटते. तिच्यात शिव्या आहेत, वाक्ये तुटकी आहेत, शब्द मोजकेच आणि तेही घासून गुळगुळीत झालेले आहेत, हे सारे मान्य. परंतु रोगाचे चित्र काढणाऱ्यावर रोग पसरवल्याचा आरोप करावा, हा कुठला न्याय?

कादंबरीतील भविष्यकाळात बहुतेकांच्या मेंदूत एक यंत्र बसवलेले आहे. जाहिराती, गाणी, खरेदी, सारे त्यातूनच थेट डोक्यात उतरते. टायटस हा किशोर आपली कथा आपल्याच बोलीत सांगतो. लेखक मध्ये येऊन कुठेही उपदेश करीत नाही. निवेदनात मात्र जाहिरातींचे तुकडे घुसतात, जसे ते टायटसच्या विचारांत घुसतात. माणसांच्या अंगावर जखमा उमटू लागतात, तर त्यांचीच फॅशन होते! बरे, मुलांचीच भाषा बिघडली म्हणावे, तर टायटसचा बापही तसेच बोलतो. उपहासाचा खरा रोख आम्हां वडीलधाऱ्यांवर आहे.

या शैलीचे मोल शेवटी उमगते. टायटसची मैत्रीण व्हायोलेट हिचे यंत्र बिघडते आणि ती मरणाच्या वाटेला लागते. जाणूनबुजून वाटेल त्या वस्तूंची चौकशी करून तिने यंत्राला चकवलेले असते. अशा बेभरवशाच्या गिऱ्हाइकाच्या उपचारावर खर्च करायला कंपन्या नकार देतात. आपल्या आठवणी कुणीतरी जपाव्यात म्हणून ती त्या टायटसकडे पाठवते. तो त्या पुसून टाकतो. तो दुष्ट नाही. दुःखाला लागणारे शब्दच त्याच्यापाशी नाहीत. ज्याला 'क्षमा' हा शब्द कुणी दिलाच नाही, त्याने पश्चात्ताप कोणत्या भाषेत करावा? हीच कथा लेखकाने शुद्ध, सालंकृत भाषेत लिहिली असती, तर हे दारिद्र्य आपल्या कानी तरी पडले असते काय?

दावीद राजाच्या पापावर नाथान संदेष्ट्याने प्रवचन झोडले नाही. एका धनिकाने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट त्याने सांगितली. राजा संतापला, आणि मग त्याला कळले की तो धनिक आपणच. उपहासाची रीत हीच असते.

दहा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक मीही देणार नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींनी मात्र ते अवश्य वाचावे, आणि आईवडिलांनीही त्यांच्या शेजारी बसून वाचावे. रात्रीची जपमाळ आटोपताच ज्या घरात प्रत्येकजण आपापल्या मोबाइलमध्ये मान घालतो, त्या घराने टायटसच्या बोलीला नाक मुरडण्याआधी आज दिवसभरात आपण एकमेकांशी किती शब्द बोललो, ते एकदा मोजून पाहावे.