आघाताशिवाय पाठांतर

इटालियन लिहितात तशीच वाचतात, असे शिकवणीत पहिल्याच दिवशी सांगितले जाते. विधान खोटे नाही, पण क्रियापदापाशी ते लंगडे पडते. आघात शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असेल तरच लिपी खूण करते. एरवी तो वाचणाऱ्याने ओळखायचा. ‘वेदेरे’ (पाहणे) मध्ये जोर ‘दे’वर, तर ‘क्रेदेरे’ (विश्वास ठेवणे) मध्ये ‘क्रे’वर. दोन्ही रूपे एकाच गटातली. तक्ता घोकून हे कळायचे नाही.

खरी फसगत अनेकवचनात होते. पार्-ला-रे (बोलणे) यात जोर ‘ला’वर, म्हणून विद्यार्थी ‘पार्लानो’ (ते बोलतात) म्हणतानाही तिथेच रेटतो. हवा असतो ‘पार्’वर. ‘तेलेफोनानो’ (ते फोन करतात) मध्ये तर तो शेवटून चौथ्या अक्षरावर, ‘ले’वर जातो. हे क्रियापद ‘तेलेफोनो’ या नामापासून घडले आणि नामाचा आघात या रूपात टिकला. शब्दाची घडण ठाऊक असेल, तर उच्चार निम्मा सुटतो तो असा.

अक्षरे तोडताना दुहेरी व्यंजन दुभंगते. ‘का-दे’ म्हणजे पडतो, ‘काद्-दे’ म्हणजे पडला. ‘पार्लेरेमो’ म्हणजे आम्ही बोलू. ‘म’ दुहेरी झाला की त्यात जर-तर शिरते. पत्ता-सत्ता म्हणणाऱ्या मराठी जिभेला हे जड नाही. तिची सवय आड येते ती ‘रेस्तारे’ (राहणे) लिहिताना: ओळीच्या शेवटी हा शब्द रे-स्ता-रे असाच तुटतो, ‘स’ मागे ठेवता येत नाही.

‘चेर्कारे’ (शोधणे) चे ‘चेर्की’ होताना ‘क’ टिकावा म्हणून स्पेलिंगमध्ये एक मुका ‘एच’ घालतात. ‘विंचेरे’ (जिंकणे) उलट वागते: ‘विंको’, मग ‘विंची’, अक्षर तेच, उच्चार बदलतो.

नवी क्रियापदे बहुधा ‘आरे’ गटात जातात, जसे ‘क्लिक्कारे’. ‘ईरे’ची वाट मुख्यतः उपसर्गातून: ‘बेल्लो’ (सुंदर) वरून ‘आब्बेल्लिरे’, सुशोभित करणे. नुसते ‘बेल्लिरे’ नाही. उपसर्ग आणि प्रत्यय एकदमच लागतात.

तेव्हा अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी तक्ते थोडे कमी करावेत. प्रत्येक क्रियापदाची ‘मी’ आणि ‘ते’ ही दोन रूपे आघाताच्या खुणेसह छापावीत आणि वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यावीत. इटालियन शब्दकोश ही खूण देतात. पाठ्यपुस्तकांनी ती गाळण्याचे कारण नाही.